चांगल्या पायाची उडी

प्रिय मैना,

गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण तू खोटंच सांगशील. ऑपरेशन होऊन सात महिने झाले. मी नाशकात रोज वीस जणांकडून व्यायाम करून घेते, पण सख्ख्या बहिणीने बनवलं तसं मूर्ख मला कुणी बनवलं नव्हतं.

सोमवारी क्लिनिकमध्ये तू एका पायावर उड्या मारल्यास. आधी चांगल्या डाव्या पायाने, मग उजव्याने. उजवी उडी डावीच्या शंभरात नव्वद भरली की खेळायला मोकळीक. तुझी त्र्याण्णव भरली. मी वेड्यासारखे पेढे वाटले आणि खो-खोच्या सरांसाठी फिटनेस सर्टिफिकेटवर सही ठोकली. आज फाइल लावताना ऑपरेशनआधीचा कागद हाती आला. तेव्हा डाव्या पायाने तू एकशे अडतीस सेंटिमीटर गेली होतीस, आणि सोमवारी एकशे दहा! उजवा वर येईना म्हणून डाव्यालाच मुद्दाम खाली ओढलंस? त्या बिचाऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं गं?

मागे आई फोनवर कौतुकाने म्हणाली होती, "मैनाचा तो हिरवा रबरी पट्टा गवताच्या भाऱ्याला बांधला, लय चिवट हाय." मी हसले. पट्टा भाऱ्याला, मग पोरगी व्यायाम कशाने करते, हे विचारायची अक्कल मला तेव्हा सुचली नाही. पायरीवरून सावकाश उतरणं, डुगडुगत्या फळीवर तोल धरणं, हे सगळं तुला पोरखेळ वाटलं. अगं, पळता पळता खांबाला वळसा घालशील तो याच गुडघ्यावर. लिगामेंट पुन्हा फाटलं तर खो-खो कायमचा संपला, कळतंय का तुला?

खरा संताप माझा माझ्यावर आहे. कुणाचीही जुनी फाइल उघडल्याशिवाय मी सही करत नाही. तुझ्या सर्टिफिकेटवर केली, कारण जिल्ह्याच्या यादीत तुझं नाव मलाही बघायचं होतं. उद्या सकाळी सरांना फोन करून मी ती सही मागे घेणार आहे. रविवारच्या निवड चाचणीला तू नसशील. हे त्यांच्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून गावाकडे निघालेल्या भिमाजीमामांबरोबर दुपारच्या एसटीने पत्र पाठवतेय. फोन मुद्दाम केला नाही. तू रडली असतीस, आणि मी पुन्हा सही केली असती.

तुला आज नकोशी झालेली, तरी तुझीच,
छायाताई