पडद्याआडची गाठ

३ मार्च

पडदा लावणार! मोठ्या हॉस्पिटलातल्या, सर्जरीच्या पुढच्या शिक्षणाच्या जागांसाठी यंदा उमेदवार पडद्यामागे. फटीतून फक्त हातमोजे घातलेले हात. तोंडातून शब्द काढायचा नाही. आडनाव काय, बाई की पुरुष, कुणाच्या ओळखीचा – परीक्षकांना काही म्हणजे काही कळायला नको. दरवर्षी त्यांच्या घरातली पोरं आत जायची आणि आम्ही बायका 'पुढच्या वेळी बघू' ऐकून परत यायचो. त्यावर फार ओरड झाली, म्हणून हे.

आईला फोन केला. म्हणाली, "म्हणजे आता नुसतं काम बघतील तुझं." हो ना! एकदाचं.

९ मार्च

आमचे सर परीक्षक आहेत! ज्यांच्या वॉर्डात मी एवढी वर्षं राबतेय तेच. मी डावखुरी म्हणून बाकीच्यांनी नाकं मुरडली होती. यांनी समोर बसवून डाव्या हाताने टाक्याची गाठ मारायला शिकवली – शेवटी दोरा एकदा उलटा फिरवून. इथे तशी गाठ दुसरं कुणी मारत नाही.

उजव्या हातानेही जमते मला. पण उद्या परीक्षेत डावीच मारणार. सर ओळखतील. पडदा काय, इतरांसाठी असू दे! लिहिताना लाज वाटतेय. थोडीशीच.

१० मार्च

झकास! गाठ बसली आणि पलीकडे सर खाकरले. ओळखलं!

२२ मार्च

निवड नाही.

२३ मार्च

थिएटरच्या सिस्टर परीक्षेच्या वेळी साहित्य द्यायला आत होत्या. आज हात धुताना शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सांगू की नको, असं चाललं होतं त्यांचं.

गाठ बघून सर हसले म्हणे. मग बाकी दोन परीक्षकांना म्हणाले, "ही आमचीच आहे. हात अजून कच्चा आहे तिचा." त्यांच्या शब्दावर दोघांनीही मार्क खाली आणले. आणि बाहेर पडताना सर सिस्टरांना हळूच म्हणाले, "ही दुसऱ्या हॉस्पिटलात गेली तर माझा वॉर्ड कोण बघणार?"

केसाने गळा कापला माझा! परक्याने केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. यांना काय म्हणू?

२४ मार्च

विचारलंच. नाकारलं नाही त्यांनी. पेनाला टोपण लावत म्हणाले, "अगं, तू माझा उजवा हात आहेस. एक वर्ष थांब."

डावखुरी मी, आणि उजवा हात यांचा! त्यांच्यासमोर रडू आलं, त्याचाच जास्त संताप होतोय.

३० मार्च

छोटी – आमची ज्युनिअर – माझी सगळी ड्रेसिंग परस्पर उरकून मोकळी. वर मला दटावून जेवायला पाठवलं. "ताई, तुमच्याशी फार वाईट वागले ते," म्हणाली. गुणाची पोर. आणि हात काय सुरेख चालतो तिचा! माझ्यापेक्षाही.

१२ एप्रिल

उरलेल्या जागांसाठी मेमध्ये दुसरी फेरी आहे, तिला छोटी बसतेय म्हणे; आम्हा नाकारलेल्यांना थेट पुढच्या वर्षी. सरांनी मला विचारलं, तयार आहे का ती? ती गेली तर तिच्या सगळ्या ड्युट्या माझ्या गळ्यात. मग मी अभ्यास कधी करायचा?

म्हटलं, "हात अजून कच्चा आहे तिचा."