मले बसवलं नाही

नागपूर
९ जानेवारी २०२५

चि. मेघास,

सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. जावई सौरवरावांनाही जय भीम सांग. ते उलट नमस्कार म्हणाले तरी चालेल.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर वाकडं येतंय, कारण फ्रिजवर कागद ठेवून उभ्यानं लिहितोय. तुझी आई मघापासून म्हणते आहे, "बसून लिहा नं, कोण पळवून राहिलं तुम्हाले?" तुझी धाकटी बहीण बारावीचा अभ्यास करते म्हणे. पिंकीच्या पुस्तकापेक्षा मोबाइलच जास्त उघडा असतो.

तुझ्या लग्नात पंचशील चालू असताना मी पहिल्या रांगेतून उठलो आणि विहाराबाहेर निघून गेलो. तुझे सासरे नत्थूजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीच्या बापालेच पसंत नाही." लग्न लागल्यावर तू बाहेर आलीस. "बाबा, काहून उठले तुम्ही?"

मी म्हणालो, "मले बसवलं नाही."

बेटा, मला खरंच बसवलं नव्हतं. एवढाच त्याचा अर्थ. चार वर्षं डायलिसिस चाललंय, त्यात पायांना हा रोग लागला. शांत बसलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं, ओढतं. उठून चाललं की तेवढ्यापुरतं थांबतं. त्या दिवशी वीस मिनिटं मी दात आवळून काढली होती.

तू दुसराच अर्थ घेतलास, हे तुझ्या तोंडावरून मला तिथेच कळलं. तरी मी गप्प राहिलो.

लग्नाच्या आठ दिवस आधी तू म्हणाली होतीस, "खरं सांगा बाबा, तरास होते का? माही किडनी घ्या." मी म्हणालो, "मशीनवर मस्त झोप लागते मले." पायांचं सांगितलं असतं, तर तू लग्न सोडून तपासण्यांच्या रांगेत उभी राहिली असतीस. हट्टीपणा माझ्याकडूनच घेतलायस. मला वाटलं, रागावलेली पोरगी किडनी द्यायला येणार नाही. तसंच झालं. तुझं सासर कळमेश्वर काही लांब नाही, पण आठ महिने तू आली नाहीस.

मशीनवर चार तास पडून राहायचं असतं, हातात दोन सुया. पाय एका जागी राहत नाहीत. भैरवी सिस्टर बिचारी दाबून देते, गोळीही चालू आहे. पण दोन महिन्यांपासून मी अडीच तासांतच "काढा" म्हणून ओरडतो, आणि घरी सांगतो, पूर्ण झालं. आता छातीत पाणी साचतंय. परवा डॉक्टर म्हणाले, "काकाजी, असंच चाललं तर फार दिवस नाहीत." आईला हे अजून माहीत नाही.

मेघा, मला तुझी किडनी नको. तू हवी आहेस. फार आठवण येते. एकदा ये. बोलता बोलता मी उठून दाराकडे गेलो, तर बसून राहा. मी परत येईन.

ज्याला सौरव पहिल्या दिवसापासून पसंत होता, तो
तुझा बाबा
देवाजी