खुनी कोण ते सांगू नका

२ फेब्रुवारी, सोमवार

सावत्र बहीण! विष सावत्र बहिणीने घातलं! मी जेमतेम बाराव्या पानावर, प्रेत अजून थंडसुद्धा झालेलं नाही, आणि सासूबाई बटाटे सोलता सोलता म्हणतात, "ती सावत्र बहीण दिसते ना गरीब गाय? तिचंच काम आहे ते."

मी हातातली सुरी आधी खाली ठेवली. न जाणो.

वाचनालयाचं सभासदत्व त्यांच्या नावावर, म्हणून पुस्तक आधी त्यांचं. मग माझं — खुन्यासकट. लग्नाला अकरा वर्षं झाली, एक खून धड उपभोगू दिला नाही या बाईने. नवऱ्याकडे तक्रार केली तर म्हणाला, "मग तू प्रेमकथा वाच ना." याच्याशी लग्न केल्यावर प्रेमकथा वाचायच्या म्हणजे जखमेवर मीठ!

५ फेब्रुवारी

संपलं. सावत्र बहीणच.

८ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयात वाचनकट्टा. महिन्यातून एकदा गोल बसायचं आणि सध्या काय वाचतोय, काय आवडतंय ते सांगायचं. निवृत्त मुख्याध्यापकांनी तोच जाडजूड ग्रंथ आणला होता. खूण गेल्या उन्हाळ्यात होती तिथेच. "मुरू द्यावं लागतं," म्हणाले. मुरतंय कसलं, वाळवी लागेल. बँकेतल्या बाई एका उद्योगपतीचं आत्मचरित्र वाचतायत. तो पहाटे उठतो आणि थंड पाण्याने आंघोळ करतो. एवढ्यासाठी चारशे पानं!

मग सासूबाई. सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. खोटं कशाला बोलू — गोष्ट सांगावी तर त्यांनीच. आवाज काय खाली आणतात, ऐन मोक्याला थांबतात काय. या एका तासासाठी महिनाभर ठेवणीतली चप्पल पुसून ठेवलेली असते. आणि शेवटी? फोडला की खुनी! तेच पुस्तक घरी न्यायला काढलेल्या एका गृहस्थांनी ते निमूटपणे फळीवर परत ठेवलं.

१४ फेब्रुवारी

नव्या पुस्तकाचा खुनी — ड्रायव्हर. मी पहिलं पान उघडायच्या आधीच मिळाला.

१६ फेब्रुवारी

ड्रायव्हर नाही! वकील!!

सासूबाई चुकल्या? छे, त्या कुठल्या चुकतात. मुद्दाम चकवलं मला. म्हातारी आता वरच्या इयत्तेत गेली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात आज एक ट्रकवाला डोळे तपासायला आला. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, वाचा. गड्याने सगळी अक्षरं वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली. तक्ता अजून भिंतीवर लावलाच नव्हता! मी आत फ्रेमच्या ट्रेमागे तोंड खुपसून हसले.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला बरं कळतं हो कोण फसवतंय ते." कळणारच. इतकी वर्षं गल्ल्यावर उभी आहे. समोरच्याला दिसतंय की नाही हे मी तो दारातून आत येतानाच ओळखते.

२१ फेब्रुवारी

"सुनेने मारलं. दुसरं कोण मारणार?" — ताज्या पुस्तकाविषयी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अख्ख्या पुस्तकात सूनच नाही! मेलेला म्हातारा ब्रह्मचारी! म्हणजे तो टोमणा मला होता तर. अबोला धरला आहे. चहा नवऱ्यामार्फत पाठवते. तो मधल्यामधे बिस्किटं खातो.

२५ फेब्रुवारी

मी गाढव आहे.

काल सासूबाईंनी पुढचं पुस्तक दिलं. "झकास आहे, एका बैठकीत संपवलं." आज मधल्या सुट्टीत उघडलं. वाचता वाचता पान उलटलं तर अक्षरं डोक्यावर उभी. पुढचं पानही तसंच, त्याच्या पुढचंही. बांधणाऱ्याने मधला सगळा गठ्ठाच उलटा शिवला होता.

एका चहाच्या डागावरून ग्रंथपालाला उभा-आडवा झापणारी बाई ती. उलट्या पानांविषयी चकार शब्द नाही? एका बैठकीत संपवलं?

मग एकेक आठवायला लागलं. ड्रायव्हर. ब्रह्मचाऱ्याची सून. हल्ली डाळ निवडायला त्या मला हाक मारतात. फोन आला की "कोणाचा ते तूच बघ" म्हणतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दिवसभर जगाला चष्मे विकते, आणि घरातल्या माणसाला दिसत नाही हे मला दिसलं नाही. वर अबोला! शरम वाटली. फ्रेमच्या ट्रेमागे तोंड खुपसून आज रडले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं. आधी चिडल्या. "म्हणजे मी खोटारडी?" मग म्हणाल्या, "खूप दिवस झाले. आधी धूसर दिसायचं. आता नुसत्या मुंग्या."

"मग ती सावत्र बहीण?"

"अंदाज. बहीण बिचारी आहे हे तूच बोललीस, आणि गोष्टीत गरीब गाय असली की तीच असते. कट्ट्यावर सांगितली ती तर डोळे चांगले होते तेव्हा वाचलेली."

"पण आई, मग रोज पानं का उलटत बसायचात?"

"तुम्ही सगळे बघायचात ना."

जवळ जाऊन बसले. त्यांनी सरकून जागा दिली.

२८ फेब्रुवारी

आमच्या दुकानातल्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणखी पिकू दिले तर अवघड होईल, म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे, आजी."

"मग आधी स्वतःचं करून घ्या."

घरी नवऱ्याने समजावलं. नणंद फोनवर रडली. सासूबाई ढिम्म. "डोळ्यात सुरी घालून घेऊ? खून वाचायचे असतात, अंगावर करवून घ्यायचे नसतात." भीती वाटते त्यांना. तसं म्हणत नाहीत, पण डॉक्टरांकडे माझा हात सोडत नव्हत्या.

१ मार्च, रविवार

वाचनालयाच्या जुन्या कपाटातून मुखपृष्ठ उडालेली एक रहस्यकथा आणली. रोज संध्याकाळी मोठ्याने वाचणार. बंगल्यात एक श्रीमंत बाई मरते — आणि आसपास डॉक्टर, भाचा, माळी. मी अर्धं प्रकरण वाचते न वाचते तोच सासूबाई — "माळी!"

ठीक आहे. निदान अंदाज आहे हे माहीत असल्यावर राग येत नाही. वर माझ्या वाचण्यावर टीका — "इन्स्पेक्टर असा मिळमिळीत बोलतो होय?" आता मी घसा खरडून वाचते. नवरा म्हणतो, खालचे शेजारी विचारत होते की घरात भांडण चाललंय का.

खरं सांगू? मजा येते आहे.

८ मार्च, रविवार

आज कट्टा होता. सासूबाई गेल्या नाहीत. म्हणे गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत आहे. ठेवणीतली चप्पल दाराशी काढली होती, ती परत आत ठेवली. मी ऑपरेशनचा विषय काढला तर भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

१० मार्च

एक पाप केलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा शेवट चोरून वाचला. खुनी डॉक्टर आहे! माळी बिचारा शेवटच्या पानावरसुद्धा झाडांना पाणी घालतोय. अकरा वर्षांत पहिल्यांदा न फुटलेला खून हाती आला होता, आणि तो मीच फोडला.

पण सारखी ती चप्पल डोळ्यांसमोर येत होती. म्हटलं, जिंकू दे बाईला एकदा.

संध्याकाळी शेवटचं प्रकरण वाचलं. जिथे डॉक्टर, तिथे माळी. इंजेक्शनाच्या जागी खुरपं. एकदाही अडखळले नाही! इन्स्पेक्टरने माळ्याला बेड्या घातल्या तेव्हा सासूबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं?" फार खूश. मी त्यांच्याहून खूश.

११ मार्च, बुधवार

सकाळी चहा दिला. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "डॉक्टर होता तो."

माझ्या हातून बशी सुटली.

"तुझ्या नवऱ्याच्या जन्माआधी वाचलंय मी ते. म्हटलं, आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवू, उगाच माळ्याचं नाव घेऊ, पोरीला मजा येऊ दे. तर तू शेवट आधीच बघून आलीस! नाहीतर अशी न अडखळता वाचतेस होय?"

मी काचा गोळा करत राहिले.

"दुकानात निघालीस ना? तुझ्या त्या डॉक्टरांना सांग, तारीख द्या म्हणावं. तुझ्या भरवशावर राहिले तर निरपराध माणसं फासावर जातील."