गाऱ्हाण्यात रस्ता नव्हता

प्रिय निखिल भावजी,

चिडले की मी तुला भावजी म्हणते, ठाऊक आहे ना? आज तसंच समज.

तुझी सायली ट्रॅकवर गेलीय. चेन्नईच्या पुढे कुठेतरी आहे म्हणे तो, तुझा तो ट्रॅक. आज तिची पहिली शर्यत. अण्णा सकाळपासून गॅलरीत येरझाऱ्या घालतायत. तुझा दादा टीव्ही लावून बसलाय आणि टीव्हीचा आवाज बंद आहे. मला आमटीत मीठ घातलं की नाही तेच आठवेना. शेवटी गॅस बंद केला आणि तुला लिहायला बसले. तू असतास तर तुझंच डोकं खाल्लं असतं ना मी?

मी लग्न होऊन या मुलुंडच्या घरात आले तेव्हा तू नववीत होतास. आई आधीच गेलेल्या. तुझा डबा, तुझे फाटलेले खिसे, तुझ्या शाळेतल्या तक्रारी, सगळं माझ्या गळ्यात पडलं. तक्रार करत नाहीये रे. हे घर मला लगेच आपलं वाटलं ते तुझ्यामुळेच.

स्कूटर तूच शिकवलीस मला, सोसायटीच्या मागच्या गल्लीत. मी थेट भाजीवाल्याच्या टोपलीत चाक घातलं. तू खाली बसून त्याचे टोमॅटो वेचून दिलेस आणि वर मलाच म्हणालास, "वहिनी, ब्रेक नावाची पण एक चीज असते गं!" मला ब्रेक शिकवत होतास, तू! सांगू कुणाला?

आणि मग तू ट्रॅकवर जाऊन आलास. शर्यतीत बाइक पळवायच्या शिकवणीसाठी गेला होतास, चार दिवस. परत आलास तेव्हा तुझी टकळी थांबेना. गाडीचे आरसे काढून ठेवायला लावतात, दिव्यांवर चिकटपट्टी मारतात, पिवळा झेंडा दिसला की कोणी कोणाला मागे टाकायचं नाही. मी पोळ्या लाटत होते, तू ओट्यावर चढून बसला होतास. "वहिनी, तिथे सगळे एकाच दिशेने जातात गं! समोरून कोण येत नाही, कुत्रा आडवा येत नाही. डोकं एकदम शांत होतं." तुझं डोकं आणि शांत! मी हसले होते.

पण अण्णांनी तुझा तो चामड्याचा सूट पाहिला. कोपरावर चांगला वीतभर घासला गेलेला. "पडलो होतो अण्णा, काही झालं नाही," तू म्हणालास. झालं! अण्णांच्या कानात फक्त "पडलो" शिरलं. गिरणी बंद पडली तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नसेल. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ते देवघरासमोर उभे राहिले, नारळ ठेवला आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या झिलाक शर्यतीच्या मैदानाची वाट दाखवू नको रे म्हाराजा!" आणि आपण सगळे हात जोडून काय म्हणालो? "होय म्हाराजा!" तूही म्हणालास. तुझा आवाज सगळ्यात मोठा होता.

तू पाळलंस. तेच तर दुखतं. त्या शिकवणाऱ्या सरांचा फोन आला होता, पुढच्या शर्यतीत नाव घालू का म्हणून. तू सांगितलंस, "नको सर, घरी नारळ ठेवलाय." ते तमिळ गृहस्थ, त्यांना काय कळलं असेल कोण जाणे! अण्णा खूश. घर खूश. मुलगा शब्दाचा पक्का निघाला म्हणून अण्णांनी गावी फोन करकरून सांगितलं.

आणि तू रविवारी पहाटे उठून म्हणायला लागलास, "मित्रांबरोबर नाश्त्याला जातोय." ईस्टर्न हायवेवर, चेकनाक्यापासून घाटकोपरपर्यंत कोण आधी पोचतो ते बघायला जात होतास, भावजी! ते मैदान नव्हतं ना? शर्यत म्हणून कोणी शिट्टी वाजवत नव्हतं ना? म्हणजे देवाचा शब्द मोडला नाही. अरे, इतका वकील होतास तर बँकेत कशाला चिकटलास?

विक्रोळीला तो दुधाचा टेम्पो वळत होता आणि तू त्याच्यावर जाऊन आदळलास. टेम्पोवाल्याची काही चूक नव्हती, सगळेच म्हणाले. त्या ड्रायव्हरचा हात मोडला, कितीतरी महिने घरी बसला बिचारा. त्याने कुठल्या शर्यतीत नाव दिलं होतं रे? मी त्याला भेटायला गेले होते. त्याची बायको मला चहा देताना म्हणाली, "आपका बच्चा गया, हम क्या बोलें." तुझ्यासाठी रडत होते आणि तुला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. अजूनही तसंच होतं.

अण्णांनी त्यानंतर नारळ फोडला नाही. गणपतीतसुद्धा तुझा दादा फोडतो. त्यांच्या गाऱ्हाण्यात मैदान होतं, रस्ता नव्हता. हे त्यांना कळलंय, आणि आम्हाला कळलंय हेही त्यांना कळलंय.

आता सायलीचं ऐक. माझी धाकटी जाऊ व्हायची होती ती पोरगी. तू गेल्यावर ती आपली बाइक विकून टाकेल असं वाटलं होतं मला. कसलं काय! ती पण रविवारी पहाटे निघायला लागली, त्याच रस्त्यावर. मला कळलं तेव्हा तिला घरी बोलावून असली झापली ना! म्हटलं, एवढीच खाज आहे तर ट्रॅकवर जा, मर्दासारखी... बरं, बाईसारखी पळव. तर म्हणते, "निखिल परत गेला नाही ट्रॅकवर. अण्णांचा शब्द आहे. मी कशी जाऊ?" डोकं भिंतीवर आपटावं की काय! तुझा शब्द ती पुढे चालवत होती, भावजी. तुझ्याच वाटेने जाऊन.

अण्णा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. बाहेर आले, सायलीला म्हणाले, "हेल्मेट घेवन ये." देवघरासमोर तिचं हेल्मेट ठेवलं, शेजारी नारळ. "बा देवा म्हाराजा, माझा मागणा चुकला. ह्या चेडवाक मैदानात धावाक तुझी आज्ञा दी. रस्त्यावरसून मातर तेची बुद्धी फिरव, आणि सुखरूप घराक आण रे म्हाराजा!" आधी "होय म्हाराजा" म्हणाली ती सायली. मग आम्ही सगळे.

मला तिने चल म्हटलं होतं. नाही गेले. माझ्याच्याने बघवलं नसतं.

थांब, फोन वाजतोय.

...

सायलीचा होता. पहिलंच वाक्य काय तर, "वहिनी, पडले मी."

मग ती भराभरा बोलायला लागली. वळणावर मागचं चाक सटकलं, ती घसरत घसरत खडीत गेली. माणसं झेंडे हलवत धावली, मागच्या गाड्या हळू झाल्या, डॉक्टर समोरच उभा. अंगठा मुरगळलाय, गाडीची वाट लागलीय. आत्ता दहीभात खातेय. शर्यत गेली म्हणून रडत होती वेडी!

अण्णांनी माझ्या हातातून फोन ओढला. म्हणाले, "चेडवा, थय टेम्पो बिम्पो नाय मा?"

ती म्हणाली, "नाही अण्णा. इथे टेम्पो नसतोच."

अण्णा खाली बसले, तिथेच, चपलांच्या शेजारी. आणि निखिल, तुला पोचवून आल्यापासून जे रडले नव्हते ते आज रडले. तुझा दादा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसलाय. मी आत येऊन हे लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

एक शब्द देते तुला, आणि तुझ्यासारख्या पळवाटा ठेवत नाही त्यात. सायली परत रस्त्यावर गाडी पळवताना कळली तर मी तिच्या घरी जाऊन किल्ली काढून घेईन, मग ती माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल. आणि पुढच्या शर्यतीला मी तिच्याबरोबर जाईन. तिथे कुंपणापाशी उभी राहीन, आणि ती पडली तरी डोळे मिटणार नाही. ती उठून उभी राहीपर्यंत बघत राहीन.

तुझीच,
अश्विनी वहिनी