दोन एकर पपई आणि एक अपडेट

१ एप्रिल २०२५, मंगळवार
आप्पांनी आज दोन एकर पपई माझ्या, म्हणजे पोटच्या पोराच्या, हवाली केली. माझ्या बत्तिसाव्या वर्षी! म्हणाले, हंगाम नीट काढलास तर बाकीची शेतीही तुझीच. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.
त्यांना काय माहीत, अख्ख्या कळसाडीत शेतीचा अभ्यास असलेला मी एकटाच. कॉलेजात असताना घेतलेलं, हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र अक्कलकुव्याच्या मोबाईलवाल्या तौहिदने मॉड करून, म्हणजे आतून बदलून दिलंय. आता त्यात तीनशे जुने गेम चालतात. मी एकच खेळतो, शेतीचा. चौथा हंगाम चालू. नापिकी शून्य.
संकल्प: पहाटे सहाला मळ्यात. गेम फक्त जेवणानंतर, अर्धा तास.

२ एप्रिल
साडेनऊला पोचलो. उन्हाळ्यात पिकांनाही जरा झोप लागते.
ठिबकचे चार भाग. लाईट दिवसाची, आठ तास. दर दोन तासांनी कॉक फिरवून पाणी पुढच्या भागात सोडायचं. डोक्याचं काम नाही. सबब मधला वेळ गेमला. कोबी काढला.

४ एप्रिल
बायको डबा घेऊन आली आणि कॉकही फिरवून गेली. मी फिरवणारच होतो. स्वप्नालीला धीरच नाही. तिला म्हटलं, नियोजन चाललंय. म्हणाली, मग नियोजन चार्जिंगला लावा, लाल दिवा लागलाय.

५ एप्रिल
शेजारच्या मळ्यातले भिलाआबा बांधावरून ओरडले, पपईले जास्ती पानी दिऊ नको, मुळं सडी जातस. मला शिकवतात! गेममध्ये मी चौदा पिकं घेतलीत. आबांनी जन्मभरात तीन.

८ एप्रिल, दुपार
स्क्रीनवर आलं, अपडेट करायचं का? मॉड करताना तौहिदने तीनदा बजावलं होतं, काही झालं तरी हो दाबायचं नाही. पण पुढारलेला शेतकरी नव्या तंत्राला नाही कसं म्हणणार? दाबलं.
स्क्रीन काळी. म्हशी, कोबी, चौथा हंगाम, सगळं गेलं. खोटं कशाला लिहू, रडू आलं.

९ एप्रिल
मोटारीला ऑटो बसवला. लाईट आली की मोटार आपोआप चालू, गेली की बंद. मग माणूस मळ्यात हवा कशाला? स्वप्नालीला बजावलं, तिकडे फिरकूही नकोस, सगळं ऑटोवर आहे. घरी सांगितलं, शेती मेळाव्याला चाललो. गेलो अक्कलकुव्याला.
तौहिद म्हणाला, नवनीतभाई, मैंने बोला था ना. दोन दिवस लागतील. मावशीकडे मुक्काम ठोकला. आजाऱ्याला एकटं टाकून जाणं आपल्या रक्तात नाही.

११ एप्रिल, दुपारी १
गेम जिवंत! हंगाम मात्र पहिल्यापासून. हरकत नाही, अनुभव आहे.

११ एप्रिल, संध्याकाळ
ऑटो मोटार चालू करतो. कॉक फिरवत नाही. हे विकणाऱ्याने आधी सांगायला नको?
तीन दिवस सगळं पाणी एकाच भागात. काळी जमीन, नुसतं तळं. साडेचारशे रोपं बुडाशी कुजली. बाकीचे तीन भाग माना टाकत होते, ते आज सकाळी स्वप्नालीने जाऊन वाचवले. मी फिरकू नको म्हटलं होतं तरी गेली.
आप्पांनी एवढंच विचारलं, पपई मरी ऱ्हायनी व्हती तवय तू कोठे व्हता? मेळावा तोंडाशी आला, बाहेर पडला नाही. फार लाज वाटली.

१३ एप्रिल
आप्पांनी दोन्ही एकर स्वप्नालीच्या हाती दिले. बाकीच्या शेतीचंही आता तिलाच विचारतात. तरुणांना संधी मिळायलाच हवी. मी हेच सुचवणार होतो.
जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल
मेलेली रोपं उपटून नवी लावायचीत. मजूर मिळेनात, सगळे गुजरातला गेलेत. स्वप्नालीने विचारलं, रोजाने येता का? म्हटलं, सल्लागार म्हणून येईन. म्हणाली, सल्ला नको, सातला या, कुदळ आणा, उशीर झाला तर अर्धाच रोज.
येतो म्हणालो.