तोरूची शेपटी

ती. आईस,
तुझ्या जिवंत मुलाचा सलाम.

तू रागाने फोनवर येत नाहीस, म्हणून लिहितोय. आपला तोरू घोडा दावं तोडून एकटाच घरी आला आणि त्याची कापलेली शेपटी पाहून तू माझ्या नावाने हंबरडा फोडलास, असं झेनेपताई म्हणाली. "मेल्या, जिवंत आहेस ना?" हेच तिचं पहिलं वाक्य.

मी ठणठणीत आहे. काराकोलला स्कीवाल्यांसाठी लिफ्ट आहे, पण कोरा बर्फ हवा असलेले माझ्याकडे येतात. तोरू त्यांना दोरीने डोंगरावर ओढून नेतो. एका स्नोबोर्डवालीची दोरी त्याच्या शेपटीत अडकली, तो बिथरला, ती पडली. फार लागलं नाही. मग मी कात्री घेतली.

मालक मेल्यावरच घोड्याची शेपटी कापतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वाटलं, इथे कोण बघतंय!

तुझे गुडघे कसे आहेत? तोरूच्या पाठीवर घोंगडी टाक.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या घोड्याची शेपटी तू धरलीस आणि मी कापली. तेव्हा माझा हात किती थरथरला होता! या वेळी थरथरला नाही, आई. तेच मनाला खातंय.

तुझाच,
कुबात