गोळीले नाव ठेवू काऊन

माय, तू अजूनही विसरत असशील. वास्ते चुलीवर, मीठ मडक्यात, अन् तू वाडीत कोंबड्यांमागं. बाप ते बांबूचे अळणी कोंब भातासंगं चावत म्हणे, "झक्कास झाली भाजी." वाढणाऱ्याले नाव ठेवायचं नाई, ही आपल्या घरची रीत. मले लिहिता येत नाई, नात लिहून राह्यली. तिचा चहाही मी त्याच रीतीनं पिते. हे लिहिताना आता डोळे वटारून राह्यली.

तुह्या पाठीवर महारोगाचे चट्टे आले तेव्हा चांद्याचा डॉक्टर जंगलातून सायकल ढकलत आला. गोळी नवी होती. कोणाले मानवते, कोणाले बाधते, हे पाहूनच पुढं साऱ्यायले देणार होते. गावातल्या रोग्यायले चिंचेखाली बसवून तो इचारे, "काही त्रास?" सारे म्हणत, "नाई जी." तूही. अन् धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा करताना मले म्हणालीस, "अंग पेटून राह्यलं वो पोरी." मी म्हटलं, "मंग सांग ना त्याले." तू हातचा चिखल झटकलास. "एवढ्या लांबून आणते बिचारा. त्याच्या गोळीले नाव ठेवू काऊन?" कातडी सोलून निघाली, डोळे हळदीसारखे झाले, तरी तुह्यं आपलं "बरं आहे जी." रोवणा सरायच्या आत तू गेलीस.

डॉक्टर आला तर बाप म्हणाला, "तिचे दिवस भरले होते." मी ताट वाढलं. डॉक्टरनं एक घास घेतला अन् सरळ म्हणाला, "भाजीत मीठ विसरलात का?" बापाचा हात ताटातच थांबला. आपल्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. मले मात्र हसू आलं, माय, तू गेल्यावर पहिल्यांदा. म्हटलं, "तुम्ही भाजीले नाव ठेवलं, आता गोळीचं आयका." सारं सांगितलं. ओसरीवरून शेजारीण बोलली, "माह्यं बी अंग पेटून राह्यलं जी." तिची गोळी त्यानं तिथंच बंद केली, ती नातवंडं पाहून गेली. तुह्यं दुखणं त्यानं लिहून वर पाठवलं. वरचे ते वाचतात का, मले काय माहीत. पण तू मले सांगितलं होतंस, ते वाया नाई गेलं.

आता मी तुह्याहून म्हातारी आहे, अन् बाकी कोणाच्या हातचं गोड लागत नाई. हे पत्र कुठी टाकतात? उशाखाली ठेवीन. खरं सांगू, तुह्ये वास्ते मले कधीच आवडले नाई. तरी एक गंज भरून पाठव. मीठ टाकू नको. मले नाव ठेवायचं आहे.